‘चार्ज’ या शब्दावरचे ओझे

माझी पुतणी नववीत असताना इंग्रजीच्या एका उताऱ्यातील लढाईच्या वर्णनापाशी अडली होती. ‘द सोल्जर्स चार्ज्ड ॲट द एनिमी’ असे ते वाक्य होते. तिने वहीत ‘सैनिकांनी शत्रूला चार्ज केले’ एवढे लिहून त्याखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. मी तिला शब्दकोश उघडून दिला, पण त्याने तिची अडचण वाढलीच. किंमत आकारणे, आरोप ठेवणे, हल्ला करणे, सोपवणे, ताबा, विद्युतभार, बंदुकीत भरायची दारू, जमिनीवरचा बोजा असे अर्थ एकाखाली एक दिलेले होते. तिने ते सगळे वाचले आणि विचारले, “काका, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की हे वेगवेगळे शब्द आहेत आणि फक्त स्पेलिंग सारखे आहे?”

प्रश्न अगदी नेमका होता. इंग्रजीत दोन्ही प्रकारचे शब्द आहेत. नदीकाठ या अर्थाचा ‘बँक’ आणि पैसे ठेवण्याची ‘बँक’ इंग्रजीत निरनिराळ्या वाटांनी आल्या आणि आज त्यांचे उच्चार व स्पेलिंग सारखे आहेत. ‘चार्ज’चे तसे नाही. तो सुरुवातीपासून एकच शब्द आहे, आणि वरच्या यादीतील प्रत्येक अर्थ एकाच चित्रातून फुटला आहे. ते चित्र म्हणजे ओझे लादलेली गाडी.

लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. रोमनांनी हा शब्द गॉल प्रदेशातील, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातील, केल्टिक लोकांकडून उचलला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यापासून ‘कारिकारे’ हे क्रियापद तयार झाले, त्याचा अर्थ गाडीवर माल लादणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘शार्जे’च्या जवळचे रूप झाले आणि नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर जे शेकडो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले, त्यांच्याच ओघात तेराव्या शतकाच्या सुमारास हाही आला. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कॅरेज’ ही त्याच घराण्यातील भावंडे. स्पॅनिशमार्गे आलेला ‘कार्गो’, म्हणजे जहाजावर लादलेला माल, हाही त्यातलाच. इटालियन भाषेत ‘कारिकारे’ला ‘वाजवीपेक्षा जास्त लादणे’ अशी छटा आली, आणि नाक किंवा हनुवटी अतिशयोक्तीने रंगवलेल्या चित्राला ‘कॅरिकेचर’ म्हणू लागले. आपण त्याला अर्कचित्र म्हणतो. तिथे ओझे रेषेवर लादलेले आहे.

ओझे एकदा मनात पक्के बसले, की पुढचे अर्थ उलगडायला फार वेळ लागत नाही. गाडीवर माल लादतात, तशी बंदुकीत दारू भरतात. एका वेळी भरायच्या दारूच्या मापाला इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणत आणि ती उडवण्याला ‘डिस्चार्ज’, म्हणजे ओझे उतरवणे. ठासणीच्या बंदुकीसाठी मराठीतही नेमके हेच घडलेले आहे. आपण बंदुकीत ‘बार’ भरतो आणि बार उडवतो, आणि फारसीत ‘बार’ म्हणजे ओझेच. पुढे भाले, संगिनी रोखून पवित्रा घेण्याला ‘चार्ज’ म्हणू लागले, आणि रोखलेले शस्त्र घेऊन सगळा भार पुढे झोकून देत शत्रूवर तुटून पडणे हा त्याच्या पुढचा अर्थ. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाने रशियन तोफांवर केलेली धाव ‘चार्ज’ याच नावाने इतिहासात नोंदली गेली. आपल्या वर्तमानपत्रांतला ‘लाठीचार्ज’ याच अर्थाचा आहे. पुतणीच्या वाक्याचा अर्थ इथे मिळतो: सैनिक शत्रूवर चालून गेले, तुटून पडले.

विजेचा अर्थ मात्र थेट गाडीपासून आलेला नाही, तो बंदुकीच्या वाटेने आला असे मानण्यास भक्कम आधार आहे. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात ‘लायडन जार’ नावाची काचेची बरणी तयार झाली. घर्षणाने निर्माण केलेली वीज तीत साठवता येत असे आणि स्पर्श होताच ती ठिणगी पाडून एकदम मोकळी होत असे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या बरणीवर प्रयोग करत होते. १७४७ पासून लंडनमधील पीटर कॉलिन्सन यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी बरणी ‘चार्ज’ करणे आणि ‘डिस्चार्ज’ करणे अशी भाषा वापरली, आणि विजेच्या दोन अवस्थांना ‘अधिक’ व ‘उणे’ ही नावे दिली. १७४९ मध्ये त्यांनी खिडकीच्या काचेची ११ तावदाने शिशाच्या पत्र्यांमध्ये बसवून एकत्र जोडली आणि त्या जोडणीला ‘बॅटरी’ म्हटले. ‘बॅटरी’ हा मुळात तोफांच्या तुकडीसाठीचा शब्द आहे. बॅटरी आणि चार्ज हे आपल्या खिशातल्या फोनचे दोन्ही शब्द अशा रीतीने तोफखान्यातून आलेले आहेत.

मराठीत शास्त्रीय परिभाषा घडवणाऱ्यांनी या ‘चार्ज’साठी ‘प्रभार’ हा शब्द निवडला. शाळेच्या पुस्तकांत धन प्रभार, ऋण प्रभार असे शब्द येतात आणि मुले ते अवघड संस्कृत शब्द समजून पाठ करून टाकतात. पण त्यात ‘भार’ आहे, ओझे आहे, म्हणजे मूळ शब्दाचे चित्र जसेच्या तसे मराठीत उतरले आहे. परिभाषेवर कृत्रिमतेचा आरोप नेहमी होतो. या एका शब्दाच्या बाबतीत तरी तो मला मान्य नाही. संस्कृत ‘भृ’ म्हणजे वाहणे, धारण करणे. ‘भार’ त्याचाच, आणि इंग्रजीतील ‘बेअर’ व ‘बर्डन’ हे शब्दही त्याच प्राचीन मुळाचे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शब्दामुळेच तयार होतो. फोन चार्ज होतो म्हणजे त्यात प्रभार बाहेरून येऊन साठतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बॅटरीत जितके इलेक्ट्रॉन एका टोकाने आत येतात तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात, आणि तिचा एकूण प्रभार चार्जिंगच्या आधी व नंतर तेवढाच असतो. बदलते ती आतली मांडणी. लिथियमचे भारित कण एका बाजूच्या पदार्थातून निघून दुसऱ्या बाजूच्या पदार्थात जाऊन बसतात आणि त्यात ऊर्जा साठते. फोन वापरताना ते परतीच्या वाटेला लागतात. बॅटरीवर ‘५००० मिलीअँपिअर-अवर’ असे लिहिलेले असते, ते प्रभाराचेच माप आहे. कूलोम या प्रभाराच्या एककात त्याचे १८,००० कूलोम होतात. एवढा प्रभार एका फेरीत वाहून नेण्याची तिची क्षमता आहे, असा त्या आकड्याचा अर्थ.

आता न्यायालयाकडे वळू. शब्दाच्या अर्थातील बारीक फरक इथे माणसाच्या नशिबाचा प्रश्न होतो, म्हणून थोडे जास्त थांबतो. ‘टू चार्ज समवन’ म्हणजे कोणावर तरी दोष लादणे. मराठीही वेगळे काही बोलत नाही: आपण आरोप ठेवतो, ठपका ठेवतो, खापर फोडतो, आणि ते प्रत्येक वेळी कोणावर तरी असते. ‘आरोप’ शब्दाचा मूळ अर्थ वर चढवणे, बसवणे, आणि वृक्षारोपणातले आरोपण ते हेच. इंग्रजीने लादण्याची कल्पना घेतली, संस्कृतने चढवण्याची.

बातम्यांत मात्र दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत सतत होते. पोलीस तपास पूर्ण करून न्यायालयात जो अहवाल सादर करतात, त्याला बोलीत ‘चार्जशीट’ आणि मराठीत ‘आरोपपत्र’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो पोलीस अहवाल आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची तरतूद कलम १९३ मध्ये आहे. तो सादर झाला म्हणजे ‘चार्ज’ ठेवला गेला असे नव्हे. चार्ज ठेवण्याचे काम न्यायाधीशांचे आहे. ते कागदपत्रे पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि खटला चालवण्यापुरता आधार दिसला तर कोणत्या कलमाखाली, कोणत्या कृत्याबद्दल आरोप आहे हे लिहून आरोपीला वाचून दाखवतात व गुन्हा कबूल आहे का असे विचारतात. याला ‘आरोप निश्चिती’ म्हणतात. पहिली पायरी पोलिसांची आणि दुसरी न्यायालयाची, आणि दोहोंच्या मध्ये महिने, कधी वर्षेही जातात. म्हणून ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’चे भाषांतर ‘आरोपपत्र दाखल’ असे झाले, तर वाचकाला खटला एक संपूर्ण पायरी मागे असल्याचे वाटते.

आरोपी कोठडीत असेल, तर पोलिसांच्या पायरीला मुदतही आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान १० वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवस. त्या मुदतीत आरोपपत्र आले नाही आणि आरोपीने अर्ज केला, तर त्याला जामीन मिळण्याचा हक्क निर्माण होतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वेगळी आहे.

‘डिस्चार्ज’ची गोष्टही अशीच. आरोप निश्चित करण्याइतकाही पुरावा नसेल तर न्यायालय आरोपीला ‘डिस्चार्ज’ करते, म्हणजे ओझे ठेवण्याआधीच उतरवते. याला मराठीत ‘दोषमुक्त करणे’ म्हणतात. खटला पूर्ण चालून गुन्हा सिद्ध झाला नाही तर ‘अक्विटल’, म्हणजे निर्दोष मुक्तता. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, परंतु निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, तर दोषमुक्त केलेल्या माणसाविरुद्ध नवा पुरावा मिळाल्यास पुन्हा कारवाई होऊ शकते. कायद्यानेच स्पष्ट म्हटले आहे की या नियमापुरते ‘डिस्चार्ज’ म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. ज्या घरातला माणूस असा सुटून येतो, त्या घराला हा फरक नीट सांगितला गेला पाहिजे.

दवाखान्यातून मिळतो तो ‘डिस्चार्ज’ आणि धरणातून सोडतात तोही डिस्चार्जच. पाण्यासाठी आपल्या पाटबंधारे खात्याने ‘विसर्ग’ हा देखणा शब्द रूढ केला आहे आणि पावसाळ्यात तो खेड्यापाड्यांत सहज बोलला जातो. भूजलाचा ‘रिचार्ज’ म्हणजे पुनर्भरण. त्यातले ‘भरण’ पुन्हा ‘भृ’चेच, पण फोनच्या रिचार्जला पुनर्भरण कोणी म्हणत नाही आणि म्हणावे असा माझा आग्रहही नाही. तो शब्द आता मराठीच झाला आहे.

कचेरीतला ‘चार्ज’ म्हणजे जबाबदारीचे ओझे. बदली झालेला अधिकारी चार्ज देतो, नवा येऊन चार्ज घेतो. लेखी मराठीत त्याला पदभार किंवा कार्यभार म्हणतात, दोन्हींत भार आहेच. ज्याच्याकडे तो तात्पुरता आहे तो प्रभारी, आणि स्वतःचे काम सांभाळून दुसऱ्याचेही पाहत असेल तर त्याच्याकडे अतिरिक्त कार्यभार. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो एका लहानशा ‘द’मुळे. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल परिचारिकेच्या देखरेखीखाली आहे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ याचाही अर्थ तोच. कर्ता बदलला, ‘द’ आला, आणि सांभाळणारा व सांभाळला जाणारा यांची वाक्यातली जागा बदलली. जुन्या इंग्रजी लेखनात तर सांभाळायला दिलेल्या मुलालाच ‘चार्ज’ म्हटलेले आढळते: आया आपल्या चार्जला घेऊन बागेत निघाली, असे.

पैशाच्या अर्थाला फार स्पष्टीकरण लागत नाही. वस्तू घेणाऱ्यावर किमतीचे ओझे पडते, तो चार्ज. मला इथे लक्षात आणून द्यायचे आहे ते महावितरणचे वीजबिल. त्यात ‘चार्ज’साठी भार हा शब्द वापरलेला नाही, तर ‘आकार’ हा शब्द आहे: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. हा ‘आकार’ रूप या अर्थाचा नसून आकारणीतला आहे, शेतसाऱ्याच्या आकारणीत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला. त्याच बिलावर थोडे वर पाहिले तर ‘मंजूर भार’ असे दिसेल. तो भार मात्र ‘लोड’चा, म्हणजे आपल्या जोडणीवर एका वेळी किती किलोवॅटची उपकरणे चालवण्याची मंजुरी आहे त्याचा. भार आणि आकार अशा दोन जागी वाटून मराठीने तिथला गोंधळ टाळला आहे. ‘सरचार्ज’ला मात्र ‘अधिभार’ म्हणतात, आणि तिथे ओझे परत येते.

सरकारच्या अंदाजपत्रकातही हा शब्द आहे आणि फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत खर्चाचे आकडे ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ अशा दोन प्रकारांत दाखवतात. दत्तमत म्हणजे ज्यावर सभागृह मत देते असा खर्च. भारित म्हणजे ‘चार्ज्ड’, जो एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, थेट लादलेला आहे आणि मतदानाला टाकला जात नाही. केंद्रासाठी हे संविधानाच्या अनुच्छेद ११२ व ११३ मध्ये आहे, राज्यासाठी २०२ व २०३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे वेतन, सरकारी कर्जावरचे व्याज हे खर्च केंद्रात असे भारित आहेत. त्यांवर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. सरकारवर नाराज असलेले बहुमतही न्यायाधीशाचा पगार रोखू शकू नये, हा त्यामागचा विचार आहे आणि तो एका ‘चार्ज्ड’ या शब्दात बसवलेला आहे.

संदर्भावरून अर्थ ओळखायचा तर त्या शब्दाच्या शेजारी काय उभे आहे ते पाहावे, असे मी पुतणीला सांगितले. ‘चार्ज’नंतर ‘फॉर’ आला तर बहुधा पैशाची गोष्ट असते, ‘ॲट’ आला तर अंगावर धावून जाण्याची, ‘टू’ आला तर कोणाच्या तरी खात्यावर रक्कम टाकण्याची. ‘विथ’पाशी मात्र सावध राहावे लागते. ‘चार्ज्ड विथ मर्डर’ म्हणजे खुनाचा आरोप, ‘चार्ज्ड विथ द टास्क’ म्हणजे काम सोपवलेले, आणि ‘द एअर वॉज चार्ज्ड विथ टेन्शन’ म्हणजे तणावाने भारलेले वातावरण. तिन्हीकडे रचना तीच आहे, मग ‘विथ’नंतरचे नाम कोणते ते बघायचे: गुन्हा आहे, काम आहे, की भावना. शेवटच्या वाक्यासाठी मराठीत ‘भारलेले’ हा शब्द तयार होता याचे मला फार समाधान वाटते, कारण ताईत भारणे, पाणी भारणे ही आपल्या गावातली बोली आहे. कोणा भाषांतरकाराला तो घडवावा लागला नाही.

ओझ्याचे सर्वांत उघड रूप शेवटी सांगायचे राहिले, ते सातबाऱ्यावरचे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ म्हणजे काय ते दिले आहे: एखादी स्थावर मिळकत रकमेच्या फेडीसाठी तारण ठरते, पण तो व्यवहार गहाणाचा नसतो. गहाणात मिळकतीतला काही हक्क सावकाराकडे जातो. चार्जमध्ये तो जात नाही, फक्त देणे फिटेपर्यंत त्या मिळकतीवर रक्कम वसूल करण्याचा अधिकार बसलेला राहतो. विकास सोसायटीतून पीककर्ज घेणारा शेतकरी आपल्या जमिनीवर जो इकरार करून देतो, तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खालचा असाच चार्ज आहे. तलाठ्याच्या दप्तरात त्याचे नाव ‘बोजा’. शेतकऱ्याच्या तोंडचा हा साधा शब्द सरकारी कागदावर जसाच्या तसा आला, आणि लॅटिनमधल्या त्या लादलेल्या गाड्याच्या इतका जवळचा शब्द मला दुसऱ्या कोणत्याही मराठी कागदावर दिसलेला नाही.

गावाकडच्या आमच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात वडिलांच्या नावावरचा असा एक बोजा बरीच वर्षे होता. कर्ज केव्हाच फिटले होते, पण नोंद तशीच राहिली होती, कारण बोजा चढवण्यासाठी जशी फेरफार नोंद लागते तशी तो उतरवण्यासाठीही लागते आणि ती कर्ज फिटल्याबरोबर आपोआप होते असे गृहीत धरता येत नाही. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला आणून अर्ज दिला, गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला गेला, हरकतीची मुदत गेली, नोंद मंजूर झाली. नव्या उताऱ्यात जुन्या बोजाची ओळ कंसात गेलेली होती. पुतणीने तो कागद हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, “काका, म्हणजे हा डिस्चार्ज.”